शेवटचा नट

उस्तादांच्या गॅरेजचा एकच कायदा होता आणि तो कुठे लिहून लावलेला नव्हता. शेवटचा नट मालकाचा. इंजिन उतरवायचं, धुवायचं, घासायचं, पुन्हा बांधायचं, सगळं उस्ताद करणार. पण वरच्या झाकणाचा, म्हणजे टॅपेट कव्हरचा, एक नट ते नुसता बोटांनी फिरवून ठेवायचे आणि मालकाच्या हातात पाना द्यायचे. "आवळा." मालक डॉक्टर असो, जज्ज असो, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत आलेला असो, बाही वर सारून त्याला तो नट आवळावाच लागायचा. मग उस्ताद बारीक ब्रशने नटावरून खाली कव्हरपर्यंत एक लाल रेघ ओढायचे. नट जागचा हलला की रेघ तुटते आणि तुटलेली दिसते, एवढाच तिचा उपयोग. रेघ ओढून झाली की म्हणायचे, "आता गाडी तुमची. कौतुक पण तुमचं, कटकट पण तुमची." त्याआधी गाडी फाटकाबाहेर जात नसे. एकदा एका बड्या असामीने चिडून विचारलं, "मी पैसे मोजलेत, वर नट पण मीच आवळू?" उस्ताद म्हणाले, "मग राहू द्या गाडी इथेच. मला आवडलीय." आवळला त्याने, मुकाट्याने.

तर ही गोष्ट त्या उस्तादांच्या मुलीची. तिला सगळे ताई म्हणतात, आपणही ताईच म्हणू. फक्त वडील तिला 'दहा-अकरा' म्हणायचे. दहा-अकरा म्हणजे एका टोकाला दहाचा आणि दुसऱ्या टोकाला अकराचा पाना. कुठल्याही गॅरेजात जा, हरवलेला असतो तो हाच, आणि काम अडलेलं असतं तेही याच्याचसाठी. ताई लहानपणी तशीच. हाक मारली की सापडायची नाही आणि समोर नसली की वडिलांचा हात चालायचा नाही.

पुढे उस्तादांचा उजवा हात लुळा पडला आणि घरात वाटण्यांची भाषा सुरू झाली. गॅरेज दादाला मिळालं. दादा म्हणजे ताईचा थोरला भाऊ, ज्याने उभ्या जन्मात हाताला ग्रीस लागू दिलं नव्हतं. आणि जी पोरगी चौदाव्या वर्षापासून गाड्यांखाली सरपटत होती, तिच्या वाट्याला काय आलं? घराच्या मागच्या अंगणात पत्र्याखाली विटांवर उभी असलेली एक मेलेली गाडी. इंजिन जाम, डिकीत उंदरांचा संसार, सीटच्या स्प्रिंगा बाहेर. "तुलाच हौस आहे ना, घे!" असं म्हणून दादा वर हसला होता. वर्षाच्या आत त्याने गॅरेज विकलं. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. तो स्वतः विम्याच्या थंडगार ऑफिसात बसतो, चांगलं कमावतो, त्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नाही. उस्तादांनी त्या रस्त्याने जाणं सोडलं.

ताईने ती गाडी नऊ वर्षं बांधली. आठवडाभर दुसऱ्याच्या गॅरेजात नोकरी आणि रविवारी ही. उस्ताद शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि डाव्या हाताने उंटावरून शेळ्या हाकायचे.

"आंधळी आहेस का? वॉशर कुठे गेला?"

"तुमच्या खुर्चीखाली आहे, उठा."

"हा हात उठत असता तर तुला गाडीला शिवू दिलं असतं का?"

दिवसभर हेच. आतून आई ओरडायची, "अगं बाई, त्या सवतीला एकदाची पेटवून तरी द्या!" आई गाडीला सवतच म्हणायची. आधी नवऱ्याचे सगळे रविवार गाड्यांनी खाल्ले, आता मुलीचेही खाताहेत, हा तिचा राग. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. त्या नऊ वर्षांत उस्तादांनी त्या गाडीच्या एकाही नटाला हात लावला नाही. लावताच येत नव्हता. शिव्या त्यांच्या, हात ताईचे.

गाडी पुरी झाली. बाटलीसारखा हिरवा रंग, गोल गोल दिवे, दार लावलं की तिजोरीसारखा आवाज. ताईने कायद्याप्रमाणे शेवटचा नट बोटांनी फिरवून ठेवला आणि दहा-अकराचा पाना वडिलांच्या डाव्या हातात दिला.

"आवळा, बाबा."

उस्तादांनी पाना उलटसुलट करून पाहिला. "मी का? नट मालकाचा असतो."

"मालक तुम्हीच की."

"मी खुर्चीवर बसलो होतो. बांधलीस तू, आवळ तू."

"गाडी तुमची आहे."

"तुला दिली ना?"

"दिली कुठे? दादाला नको होती म्हणून उरली."

हे बोलायला नको होतं, पण बोलून गेली. उस्तादांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी पाना बॉनेटच्या कडेला ठेवला. "मग राहू दे तसाच." तीही म्हणाली, "राहू दे." दोघं एकाच मातीची, सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. आज नाही तर उद्या समोरचा नमेल असं दोघांनाही वाटलं असणार. पंचवीस दिवसांनी उस्ताद झोपेतच गेले. नट तसाच राहिला.

याला सहा वर्षं झाली. गाडी एका हाकेला सुरू व्हायची, पण त्या नटापाशी तेलाचा एक थेंब झिरपायचा. ताई दर रविवारी बॉनेट उघडायची, थेंब फडक्याने पुसायची, नट जागेवर आहे ना ते बोटाने बघायची, गाडी सुरू करून अंगणातच पुढेमागे करायची आणि परत पत्र्याखाली चादर घालून ठेवायची. पाना कधी लावला नाही. आवळला असता तर वडिलांशी भांडण संपलं असतं, आणि तिला ते संपवायचं नव्हतं. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही. आईलाही नाही, आणि दादाला तर नाहीच नाही.

आता मुद्द्यावर येऊ. गेली चार वर्षं ताई आणि पेंटरबाई मिळून टायरवाल्याच्या शेडमध्ये अर्धी जागा घेऊन काम करत होत्या. पेंटरबाई म्हणजे गाड्यांना रंग मारणारी, ताईपेक्षा दहा वर्षांनी मोठी, जिभेने तिखट आणि हाताने मऊ. तिने मारलेल्या रंगात माणसाला स्वतःच्या मिशीचे केस मोजता यावेत. काम बरं चाललं होतं आणि घोडं मध्येच पेंड खायला लागलं. टायरवाल्याला मुलीकडे राहायला जायचं होतं. शेड विकायची ठरली.

"तुम्ही घेणार असाल तर महिनाभर थांबतो," टायरवाला म्हणाला. माणूस भला. "नाहीतर गोदामवाला दारात उभाच आहे."

ताई बँकेत गेली. साहेबांनी विचारलं, "मिस्टर काय करतात?"

"मिस्टर नाहीत."

"मग गॅरेजचं काम कोण बघतं?"

ताईने दोन्ही हात टेबलावर ठेवले. नखांच्या कडा काळ्या, तळव्यांना घट्टे. साहेबांनी हात पाहिले, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि फाइल मिटली.

मग सगळ्यांची नजर पत्र्याखालच्या गाडीकडे वळली. अशा गाड्यांना शौकीन लोक वेड्यासारखे पैसे देतात, हे काय कोणी सांगायला हवं? आई म्हणाली, "विक तो डबा. सवत घराबाहेर गेलेली मला याच डोळ्यांनी बघू दे." पेंटरबाई म्हणाली, "विक असं मी म्हणणार नाही, विकू नको असंही म्हणणार नाही. पण शेड गेली तर मी घरी बसून दिवसभर सुनेचं तोंड बघणार, आणि ती माझं. दोघींची दया येऊ दे तुला."

ताई तीन दिवस धड जेवली नाही. विकली तर शेड, स्वतःचं दार, दारावर स्वतःचं नाव. नाही विकली तर सेहेचाळिसाव्या वर्षी परत कोणाच्या तरी गॅरेजात जाऊन "ए बाई, ते फडकं आण" ऐकायचं. हिशोब सरळ होता. पण चादर काढून गाडीपाशी उभी राहिली की परत चादर ओढून घरात यायची. प्रत्येक कोपऱ्यात तिचा एकेक रविवार होता. आणि नट उघडा होता. उघड्या नटाची गाडी फाटकाबाहेर जात नाही, मग विकायची कशी? हे कोणाला सांगितलं असतं तर वेडी म्हणाले असते. चौथ्या दिवशी तिने दादाला फोन केला. "तुझ्या ओळखीत गिऱ्हाईक असेल तर आण."

दादाच्या ओळखीत सगळेच असतात. रविवारी तो एका चष्मेवाल्याला घेऊन येणार असं ठरलं. या चष्मेवाल्याकडे जुन्या गाड्यांचा मोठा संग्रह, त्यातल्या चार उस्तादांच्या हातच्या, चारही लाल रेघवाल्या. रविवारी दादा गिऱ्हाइकाच्या आधी तासभर घरी आला. ताई तेव्हा शेडवर एका माणसाला गाडीची किल्ली द्यायला गेली होती. परत आली तेव्हा चष्मेवाला अंगणात उभा होता, चादर बाजूला पडली होती आणि दादा हात हलवून हलवून बोलत होता.

चष्मेवाल्याला काम कळत होतं, हे मान्य करायला हवं. त्याने दार उघडून तीनदा लावलं, नुसता आवाज ऐकायला. खाली वाकून स्प्रिंगांचे पाटे बघितले. इंजिन सुरू करून डोळे मिटून उभा राहिला. पण सगळं बोलणं दादाशी.

"काय हात होता हो तुमच्या वडिलांचा! असं काम आता होणे नाही."

"बाबांचं शेवटचं काम," दादा म्हणाला. आणि रुमाल काढून कोरडे डोळे टिपले.

ताईने दादाकडे पाहिलं. दादा पत्र्याकडे पाहत होता.

"ताई, जरा पाणी मिळेल?" चष्मेवाला म्हणाला. आणि ताईने, काय सांगू, पाणी आणून दिलं. सवय असते बायकांच्या पायांना, डोकं नको म्हणत असतं तेव्हाही. पाणी पिऊन चष्मेवाल्याने आकडा सांगितला. "उस्तादांची गाडी म्हणून हा भाव. दुसऱ्या कोणाची असती तर निम्मासुद्धा दिला नसता. बघू, रेघ बघू."

तो आकडा ऐकून ताईने मनातल्या मनात हिशोब मांडला. त्यात शेड येत होती, गाडी वर उचलायची लिफ्ट येत होती, पेंटरबाईला रंगासाठी वेगळी खोली येत होती. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते असं. जिवंतपणी उस्तादांना कोणी याच्या पासंगालाही विचारलं नव्हतं.

"रेघ आहे ना, नसून कुठे जाते?" असं म्हणत दादाने बॉनेट उचललं.

रेघ होती. लाल, सरळ, चकचकीत, नटावरून कव्हरपर्यंत आलेली. त्याच नटावर. सहा वर्षं दर रविवारी ज्यावरचा थेंब पुसला त्या नटावर रेघ! ताईला क्षणभर वाटलं, आपले डोळे गेले. मग नाकाला वास आला. गोड, उग्र वास. वहिनी बोटांना लावते त्याचा.

चष्मेवाल्याने खिशातून भिंग काढलं. "वा! बघा, नटावरून कशी उतरलीय. आमच्याकडे चार आहेत, ही पाचवी."

दादाने ताईकडे नुसतं पाहिलं आणि पापण्या मिटून उघडल्या. म्हणजे, गप्प राहा, तुझ्यासाठीच केलंय. आणि खरं सांगायचं तर ताई गप्प राहिली असती. शेड तिच्या डोळ्यांसमोर उभी होती. कोणाचं काय बिघडणार होतं? बाप गेलेला, गिऱ्हाईक खूश, रेघ काय नि रंग काय. पण या चष्मेवाल्याच्या संग्रहात ही गाडी जाणार, पुढे पाटी लागणार 'उस्तादांचं शेवटचं काम', आणि तिचे नऊ वर्षांचे रविवार, फुटलेली नखं, जॅक घसरला तेव्हा ठेचलेलं करंगळीचं हाड, सगळं त्या पाटीखाली पुरलं जाणार. आणि उद्या ती स्वतःच्या शेडच्या दारात उभी राहून लोकांना सांगणार काय? की मला काम येतं? येतं तर दाखव म्हटलं तर दाखवणार काय? तिच्या कामाचा एवढा एकच चोख पुरावा होता आणि तो दुसऱ्याच्या नावावर विकून ती स्वतःच्या नावाचं दुकान काढायला निघाली होती. तिला एकदम संताप आला, दादाचा कमी आणि स्वतःचा जास्त.

ती पुढे झाली. पाना नाही, फडकं नाही, नुसतं अंगठा आणि बोट नटावर ठेवलं आणि फिरवलं. नट अलगद फिरला. रेघेचे दोन तुकडे झाले, एक नटाबरोबर वळला आणि एक कव्हरवरच राहिला.

"उस्तादांच्या रेघेखालचा नट कधी बोटाने फिरलेला पाहिलात?" ताई म्हणाली.

चष्मेवाल्याने भिंग खाली केलं.

"अगं, काय करतेस!" दादा ओरडला.

"तू काय केलंस ते दाखवते. रेघ ओढलीस, पण नट आवळलाय की नाही ते बघितलं नाहीस. आधी नट, मग रेघ. त्या गॅरेजचं हे पहिलं अक्षर, दादा, आणि तुला तेवढंही येत नाही. नेलपॉलिश आहे ही. वहिनीला परत दे बाटली, महाग असते."

आई पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "तरी म्हटलं सरळ कशी आली रेघ. बिनपट्टीची याला जन्मात जमली नाही, म्हणूनच आल्या आल्या पट्टी मागून नेली." दादाचे कान लाल झाले.

चष्मेवाला मात्र व्यवहाराचा माणूस. त्याने घसा खाकरला. "म्हणजे मग ही बांधली कोणी?"

"मी."

"उस्तादांच्या देखरेखीखाली?" त्याला अजून वाट काढायची होती. "तसं चार ओळींत लिहून दिलंत तरी चालेल. भावात थोडं इकडेतिकडे करू."

"त्यांच्या शिव्यांखाली, हे लिहून देते. पण एकही नट त्यांचा नाही. हात पूर्ण माझे."

"मग निम्मा. निम्माही जास्तच होतो, पण आता आलोय तर."

"पाच मिनिटांपूर्वी तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात ते इंजिन हेच ना?" ताईचा आवाज चढला होता आणि तिने तो खाली आणायचा प्रयत्नही केला नाही. "असं काम आता होणे नाही, हे कोण म्हणालं? मी नट फिरवला तेवढ्यात काम बिघडलं का? दार लावून बघा, आवाज बदलला का बघा. काय उणं झालं ते तरी सांगा!"

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला.

ताईने खिशात हात घातला. दहा-अकरा हरवला नव्हता. वडील गेल्यापासून तो तिच्या खिशातच असायचा. तिने तो नटावर बसवला आणि मनगट वळवलं. जेमतेम पाव फेरा लागला. सहा वर्षं अडून राहिलेलं काम, पाव फेरा! तिच्या डोळ्यांत घळकन पाणी आलं आणि तिने ते कोणापासून लपवलं नाही. 'आवळला हो, बाबा,' ती मनात म्हणाली, 'तुमचंच खरं. माझीच होती.'

मग बाहीने नाक पुसून म्हणाली, "आता गाडी माझी झाली. आता माझ्या गाडीचा भाव मी सांगते. तुम्ही रेघ बघायच्या आधी जो आकडा बोललात तोच. एक पैसा कमी नाही आणि नाव माझं. घ्यायची तर घ्या, नाहीतर फाटक उघडंच आहे."

चष्मेवाला हसला, चांगलाच हसला, आणि उघड्या फाटकातून निघून गेला.

मग दादा सुटला. "घालवलीस! हाता-तोंडाशी आलेली शेड घालवलीस! तुझ्यासाठी खोटं बोललो मी, गिऱ्हाइकापुढे तोंड काळं करून घेतलं, आणि तू? कोणाला पडलंय कोणी बांधली त्याचं?"

"मला पडलंय."

"त्या पडलेल्याचं काय करणार? खाणार?"

"बघू. तू गॅरेज खाल्लंस, तुला पचलं ना?"

हा घाव वर्मी लागला. दादा किल्ल्या उचलून गेला तो चार महिने घरी फिरकला नाही.

संध्याकाळी ताई गाडीत जाऊन बसली. विकायची नाही हे ठरलं, पण पुढे काय हे ठरलेलं नव्हतं आणि भीती वाटत होती. हात स्टिअरिंगवर ठेवून बसली असताना तिच्या लक्षात आलं की ती आजवर या गाडीत नेहमी अंग चोरून बसत आली होती, पाहुण्यासारखी. जपून, पुसून, चादर घालून. का? तर गाडी वडिलांची. आता ती वडिलांची नव्हती. ती उतरली, डिकी उघडली आणि वितीने मोजायला लागली.

दुसऱ्या दिवशी पेंटरबाईला म्हणाली, "डिकीत जॅक बसतो, पान्यांची पेटी बसते, तेलाचे डबे बसतात. मागच्या सीटवर तुझा रंगाचा पंप."

"मागच्या सीटवर?" पेंटरबाई किंचाळली. "त्या सीटवर चार वर्षांत तू मला बूड टेकू दिलं नाहीस!"

"आता पंपाशेजारी टेक. शेड नाही तर नाही. आपण गिऱ्हाइकाच्या दारात जाऊ. किती जणांच्या अंगणात, तळघरात बंद गाड्या पडल्यात! कोणी येत नाही म्हणून पडल्यात. मोठं काम निघालं तर माझ्या पत्र्याखाली. तिथे आता जागा झालीच आहे, ही म्हातारी गाडी बाहेरच राहील."

"उन्हात?"

"उन्हात. काम करणारं माणूस कुठे राहतं?"

पेंटरबाईने तिच्या तोंडाकडे बघितलं, मग उठून ब्रश आणला. दारावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'बंद गाडी तुमच्या दारात चालू करून मिळेल', खाली ताईचं नाव आणि त्याखाली, कोणी विचारलं नसताना, स्वतःचं. मग शेवटच्या नटाची आठवण झाली. नेलपॉलिश ताईने खरवडून काढली होती.

"लाल देऊ?" पेंटरबाईने विचारलं.

"लाल बाबांची. पिवळी दे."

पहिली पिवळी रेघ म्हातारीच्या नटावर उमटली. त्यानंतर त्या नटापाशी तेलाचा थेंब कधी आला नाही.

चमत्कार वगैरे काही झाला नाही, उगीच का खोटं सांगा. एका महिन्यात कामं आली, दुसऱ्यात दोघी चहा पीत बसून राहिल्या. आठव्याच दिवशी कोणीतरी म्हातारीच्या दाराला सायकल घासली. ताईने त्या ओरखड्यावर हात फिरवला, एक सणसणीत शिवी दिली आणि पुढच्या कामाला गेली. टायरवाल्याची शेड गोदामवाल्याने घेतली. आई रोज सकाळी म्हणायची, "निघाली सवत नांगराला," आणि दोघींना डबा बांधून द्यायची. पण "ए बाई" म्हणणारं कोणी राहिलं नाही आणि प्रत्येक कामाच्या शेवटी ताई गिऱ्हाइकाच्या हातात पाना द्यायची. "आवळा."

चार महिन्यांनी दादा आला. फाटकातच उभा राहिला. त्याच्या सासऱ्यांची जुनी गाडी त्याच्या इमारतीच्या तळघरात दोन वर्षं बंद पडली होती आणि आता ती उचला म्हणून नोटीस आली होती. तीन गॅरेजवाल्यांनी भंगारात द्यायला सांगितलं होतं.

"बघतेस का?" एवढंच म्हणाला.

"बघते. पैसे पूर्ण घेणार."

"घे ना."

इंजिन पत्र्याखाली आणून बांधायला पाच आठवडे लागले. दादा तीनदा येऊन गेला. एकदा तर बाही वर करून वॉशरही शोधून दिला. शेवटच्या दिवशी गाडी त्याच्या तळघरात उभी होती, बॉनेट उघडं, ताईने नट बोटांनी फिरवून ठेवलेला. तिने दहा-अकरा त्याच्यापुढे धरला.

"आवळ."

दादाने पाना उलटा धरला. तिने सुलटा करून दिला. त्याने नट आवळला आणि कपाळावरचा घाम पुसला. त्या हातावरचं काळं कपाळाला लागलं, ते तिने त्याला सांगितलं नाही. मग तिने ब्रश बुडवून पिवळी रेघ ओढली, नटावरून कव्हरपर्यंत, आणि ती वाळेपर्यंत ब्रश पुसत राहिली.

वाळल्यावर ती म्हणाली, "बोट लावून बघ."

"कशाला? कळलं मला."

"बघ म्हणते ना."

दादाने नटावर अंगठा आणि बोट ठेवलं आणि जोर लावला. बोटांची टोकं पांढरी होईपर्यंत लावला.

"नाही फिरत गं," तो म्हणाला.